पिशवीत नेता येईल असा छोटा गेमिंग पीसी: उष्णतेचे नियोजन आणि भागांची निवड

धागा

नमस्कार.

कामानिमित्त मला महिन्यातील दहा-बारा दिवस घराबाहेर राहावे लागते. गेली चार वर्षे त्यासाठी गेमिंग लॅपटॉप वापरला. परंतु त्याचे पंखे अर्ध्या तासातच पूर्ण वेगाने फिरू लागतात, कीबोर्डचा मधला भाग बोट ठेववणार नाही इतका तापतो, आणि ग्राफिक्स कार्ड जुने झाले म्हणून फक्त तेवढे बदलण्याची सोय त्यात नाही. म्हणून पाठीवरच्या पिशवीत मावेल असा डेस्कटॉप जुळवण्याचे ठरवले आहे. दोन्ही मुक्कामी मॉनिटर आहे, त्यामुळे सोबत न्यायचे आहेत ते कॅबिनेट, कीबोर्ड आणि माउस एवढेच.

कॅबिनेट फ्रॅक्टल टेरा घ्यावे असे मनात आहे. त्याचे आकारमान १०.४ लिटर असून मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्ड यांच्यामधली पट्टी पुढेमागे सरकवता येते. मदरबोर्ड अर्थातच मिनी-आयटीएक्स, म्हणजे १७० × १७० मिलिमीटरचा. प्रोसेसर रायझन ७ ७८००एक्स३डी, ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ५०७०, रॅम ३२ जीबी, दोन टीबीची एनव्हीएमई एसएसडी आणि ७५० वॉटचा एसएफएक्स (छोट्या आकाराचा) एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा भाग, अशी यादी केली आहे. अजून एकही वस्तू विकत घेतलेली नाही.

प्रोसेसरसाठी किती उंचीचा कूलर घ्यावा, पंख्याने हवा आत ओढावी की बाहेर फेकावी, आणि सतत हलवाहलव होणाऱ्या पीसीत लिक्विड कूलिंग (पंपाने द्रव फिरवून उष्णता काढण्याची रचना) कितपत भरवशाचे आहे, हे मला ठरवता आलेले नाही. ज्यांनी असा पीसी स्वतः जुळवून वापरला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १

एकही वस्तू घेण्याआधी आपण हा धागा काढलात हे फार चांगले केलेत. मोठ्या कॅबिनेटमध्ये चुकीचा कूलर बदलता येतो, जास्तीचा पंखा लावता येतो. दहा लिटरमध्ये मात्र एक भाग बदलला की त्याच्या शेजारचे दोन भाग हलतात. म्हणून भागांच्या यादीआधी हवेचा मार्ग कागदावर काढावा: थंड हवा कोणत्या जाळीतून आत येणार, कशावरून जाणार आणि कुठून बाहेर पडणार. हा मार्ग एकदा ठरला की निम्म्या वस्तू आपोआप ठरतात.

आधी उष्णतेचा हिशेब मांडू. आरटीएक्स ५०७० ची अधिकृत मर्यादा २५० वॉट आहे. ७८००एक्स३डी च्या खोक्यावर १२० वॉट लिहिलेले असले तरी खेळताना तो बहुधा ५० ते ८० वॉटमध्ये राहतो. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी आणि पंखे मिळून ३० ते ४० वॉट धरा. एसएमपीएस नव्वद टक्के कार्यक्षम असला तरी उरलेल्या दहा टक्क्यांची उष्णता तो स्वतः निर्माण करतो. असे सगळे मिळून साधारण ३८० ते ४०० वॉट होतात, आणि ही सगळी वीज शेवटी उष्णताच होऊन बाहेर पडते.

एक घनमीटर हवेचे तापमान एक अंशाने वाढवायला सुमारे १.२ किलोज्यूल ऊर्जा लागते. यावरून ४०० वॉट उष्णता वाहून नेताना हवा दहा अंशांपेक्षा जास्त तापू द्यायची नसेल, तर सेकंदाला सुमारे ३३ लिटर हवा लागते. आपले कॅबिनेट दहा लिटरचे आहे, म्हणजे त्यातील सगळी हवा सेकंदाला तीनदा बदलायला हवी. जाळी, केबली आणि कूलरचे पाते यांचा अडथळा लक्षात घेतला तर हे सोपे काम नाही. टेरासारख्या कॅबिनेटांचा फायदा असा की ग्राफिक्स कार्डाचे पंखे थेट बाजूच्या जाळीला तोंड करून असतात, त्यामुळे सर्वांत मोठा उष्णतास्रोत बाहेरची ताजी हवा ओढतो. प्रोसेसरचा कूलर दुसऱ्या बाजूने तसाच श्वास घेतो. दोघांची गरम हवा वरून निघते. दोन स्वतंत्र नाकपुड्या आणि एक धुराडे असा हा मार्ग आहे, आणि तो कोठेही अडू न देणे हेच खरे काम आहे.

आता मिलिमीटरांकडे वळू. टेरात मधली पट्टी सरकवून कूलरसाठी ४८ ते ७७ मिलिमीटर जागा मिळते आणि त्याच प्रमाणात कार्डाची जागा ७२ वरून ४३ पर्यंत कमी होते. दोन्हींची बेरीज १२० च आहे. म्हणून आधी कार्ड निवडा, मग कूलर. कार्डाची जाडी कॅबिनेटच्या मागच्या खाचांत, म्हणजे स्लॉटमध्ये मोजतात; दोन स्लॉटचे कार्ड साधारण ४० मिलिमीटर जाडीचे असते, अडीच स्लॉटचे ५० च्या घरात. कार्डाचे पंखे जाळीला अगदी चिकटले तर आवाज वाढतो आणि हवा कमी मिळते, म्हणून त्यांच्यासमोर पाच-सहा मिलिमीटर मोकळे राहू द्या. जी कार्डे मागच्या टोकाच्या पंख्याची हवा पाठीच्या पत्र्यातून आरपार सोडतात, त्यांच्यासाठी मात्र मधली पट्टी भिंत ठरते. अशा कार्डाची मोठ्या कॅबिनेटमधली तापमाने वाचून येथे निर्णय घेऊ नये.

प्रोसेसरबाबत एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करावी. ७८००एक्स३डी मध्ये जादा कॅशेचा (जलद स्मृतीचा) थर गाभ्यांच्या, म्हणजे गणना करणाऱ्या कोअरच्या, वर बसवलेला आहे, त्यामुळे गाभ्यांची उष्णता त्या थरातून वर यावी लागते. वीज कमी लागत असूनही तापमानाचा आकडा ८० च्या आसपास दिसतो. त्याची कमाल मर्यादा ८९ अंश आहे. हा आकडा पाहून कूलर निकामी आहे असे समजू नये. त्यापुढच्या ९८००एक्स३डी या प्रोसेसरमध्ये कॅशे गाभ्यांखाली नेल्याने ही अडचण पुष्कळ कमी झाली असून त्याची मर्यादा ९५ अंश आहे. मात्र तो वीजही जास्त ओढू शकतो. दहा लिटरसाठी मी अजूनही ७८००एक्स३डी लाच पसंती देईन.

प्रतिसाद २

वरील हिशेबाशी सहमत आहे, पण निष्कर्ष थोडा वेगळा काढतो. फॉर्मडी टी१ हे कॅबिनेटही दहा लिटरच्या आतले आहे आणि त्यात वरच्या बाजूला २४० मिलिमीटरचा रेडिएटर (गरम द्रव थंड करणारी जाळी) बसतो. लिक्विड कूलिंगने प्रोसेसरची उष्णता थेट छताशी पोहोचते आणि बुटक्या कूलरच्या मर्यादांचा प्रश्नच उरत नाही. माझा पीसी अशाच रचनेचा आहे आणि टेबलावर तो अतिशय शांत चालतो.

प्रतिसाद ३

टेबलावर तो शांत चालतो हे मान्य. पण धागाकर्तींना तो पाठीवर न्यायचा आहे, आणि माझ्या मते फरक येथेच पडतो.

बंद लूपच्या प्रत्येक लिक्विड कूलरमध्ये थोडी हवा असतेच, आणि नळ्यांच्या रबरातून वर्षानुवर्षे सूक्ष्म प्रमाणात द्रव झिरपत गेल्याने ती वाढत जाते. पीसी एका जागी असेल तर ही हवा रेडिएटरच्या वरच्या टाकीत जाऊन बसते आणि काही बिघडत नाही. पिशवीत कॅबिनेट आडवे होते, उलटे होते. हवा पंपात शिरते. चालू केल्यावर पंप खडखडतो, काही मिनिटांनी हवा पुन्हा वर गेली की थांबतो. लहान कॅबिनेटमध्ये बऱ्याचदा पंप आणि रेडिएटर जवळजवळ एकाच उंचीवर येतात, आणि मग ही हवा वर जायला जागाच उरत नाही. माझ्या पहिल्या प्रवासी पीसीत दीड वर्षानंतर प्रत्येक मुक्कामी पहिली दहा मिनिटे तो आवाज ऐकावा लागत असे. एकदा पंपच फिरला नाही आणि संपूर्ण आठवडा संगणकाविना गेला. हवेच्या कूलरचा पंखा बिघडला तर कोठेही दुसरा मिळतो. पंप बिघडला तर पूर्ण संच बदलावा लागतो. प्रवासासाठी हवेचाच कूलर घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन.

त्यातही उंच टॉवर कूलर टाळावा, जरी एखाद्या कॅबिनेटमध्ये तो बसत असला तरी. पाऊण-एक किलोचे धातूचे वजन मदरबोर्डपासून पंधरा सेंटीमीटर लांब लटकते आणि प्रत्येक धक्क्याचा ताण सॉकेटवर येतो. बुटका कूलर बोर्डाला बिलगून असतो.

प्रतिसाद ४

ग्राफिक्स कार्ड मदरबोर्डच्या स्लॉटला जोडणाऱ्या राइजर केबलविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहिते. टेरासोबत येणारी राइजर पीसीआयई (या जोडणीचे मानक) ४.० ची आहे, तर आरटीएक्स ५०७० हे पीसीआयई ५.० चे कार्ड आहे. आपण घ्याल त्या मदरबोर्डचा स्लॉटही ५.० चा असेल आणि बायॉसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमध्ये) वेग 'ऑटो' वर असेल, तर दोन्ही टोके ५.० च्या वेगाने बोलू पाहतील आणि मधल्या केबलला ते झेपणार नाही. परिणामी काळा पडदा, मधूनच गोठणारा खेळ, किंवा कार्ड सापडतच नाही. पुष्कळ लोक अशा वेळी कार्ड खराब आहे असे समजून परत करतात.

उपाय सोपा आहे, पण क्रम महत्त्वाचा आहे. रायझन ७००० मालिकेच्या या प्रोसेसरमध्ये स्वतःचे साधे ग्राफिक्स असते. पहिल्यांदा कार्ड न लावता मॉनिटर मदरबोर्डच्या एचडीएमआयला जोडावा, बायॉसमध्ये जाऊन त्या स्लॉटचा वेग हाताने 'जेन ४' वर, म्हणजे ४.० वर, ठेवावा, आणि मगच कार्ड लावावे. सोळा लेनच्या कार्डाला जेन ४ वर खेळात जाणवेल असा फटका बसत नाही. बायॉस अद्ययावत केल्यावर ही सेटिंग पुन्हा 'ऑटो' होते, तेवढे ध्यानात ठेवा.

प्रतिसाद ५

एसएमपीएसविषयी दोन गोष्टी सांगतो.

एसएफएक्स एसएमपीएस १२५ × ६३.५ × १०० मिलिमीटरचा असतो. एसएफएक्स-एल ची खोली १३० मिलिमीटर. लांबट प्रकारात मोठा पंखा बसत असल्याने तो शांत असतो, पण ते ३० मिलिमीटर नेमके केबलींच्या जागेतून जातात. छोट्या कॅबिनेटमध्ये मी साधा एसएफएक्सच घेईन. एटीएक्स ३.० किंवा त्यापुढच्या मानकाचा असेल असे पाहावे. त्या मानकात ग्राफिक्स कार्डाची क्षणिक ओढ मायक्रोसेकंदांपुरती एसएमपीएसच्या क्षमतेच्या दुपटीपर्यंत जाण्याची शक्यता गृहीत धरलेली आहे. ७५० वॉट आपल्याला पुरून उरेल.

दुसरी गोष्ट मी नुकसान सोसून शिकलो. मॉड्युलर एसएमपीएसच्या केबलींचे मदरबोर्डकडचे टोक सर्वत्र सारखे असते, पण एसएमपीएसकडच्या टोकाची जोडणी प्रत्येक उत्पादक आपल्या मनाप्रमाणे करतो, आणि एकाच उत्पादकाच्या दोन मालिकांतही ती वेगळी असू शकते. मी जुन्या एसएमपीएसची, डिस्कला वीज देणारी आखूड साटा केबल नव्याला लावली. ती घट्ट बसली, काहीही खटकले नाही, आणि चालू करताच दोन वर्षांची छायाचित्रे असलेली डिस्क गेली. कॅबिनेट छोटे म्हणून आखूड केबली मागवाल तेव्हा त्या आपल्याच मॉडेलसाठी बनवलेल्या आहेत याची खात्री करा.

कार्डाची बारा व्होल्टची नवी सोळा पिनांची केबल टोकापाशी लगेच वाकवू नये. कनेक्टरपासून निदान ३५ मिलिमीटर सरळ जाऊ द्यावी. बाजूचा पत्रा बंद करताना ती दाबली जात असेल तर कार्डाची उंची जास्त आहे असे समजा.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. लिक्विड कूलिंगचा विचार सोडून दिला आहे. ४८ मिलिमीटर जाडीचे कार्ड निवडले, त्याच्यापुढे पाच मिलिमीटर मोकळे सोडले, आणि कूलरच्या बाजूला ६७ मिलिमीटर उरले. या जागेत नेमका ६७ मिलिमीटर उंचीचा थर्मलराइट एएक्सपी१२०-एक्स६७ घ्यावा, की त्याच घराण्यातला ५३ मिलिमीटरचा एएक्सपी९०-एक्स५३ घ्यावा, असा प्रश्न आता आहे. मोठ्याला १२० मिलिमीटरचा पंखा आहे, छोट्याला ९२ चा.

प्रतिसाद १ च्या लेखकाचे उत्तर

घरी ठेवायचा पीसी असता तर मोठाच सुचवला असता. परंतु ६७ च्या जागेत ६७ चा कूलर म्हणजे पंखा आणि पत्रा यांच्यात काहीच अंतर नाही. पिशवीत दाब पडून पत्रा एक मिलिमीटर जरी आत आला तरी पंख्याची पाती घासतील. ५३ चा घ्या, आणि उरलेल्या १४ मिलिमीटरच्या फटीत फोमची चौकट बसवा. ती नसेल तर बोर्डावरून परतणारी गरम हवा या फटीतून वळून पुन्हा पंख्यात शिरते, आणि प्रोसेसर आपलीच उष्णता पुन्हा पुन्हा गिळत राहतो.

रॅम साधी, उंच शोभेच्या पट्ट्या नसलेली घ्या. थर्मल पेस्टऐवजी पीटीएम७९५० हे साधारण ४५ अंशांना मऊ होणारे पॅड मिळाल्यास उत्तम. पेस्टप्रमाणे ते तापण्या-निवण्याच्या फेऱ्यांत कडेला सरकत नाही, आणि प्रवासी पीसी वारंवार उघडायचा नसतो.

धागाकर्तीचा प्रतिसाद

पीसी जुळवून तीन आठवडे झाले. वचन दिल्याप्रमाणे अनुभव लिहिते.

पहिल्या दिवशी फोम न लावताच खेळून पाहिले. खोलीत २९ अंश असताना अर्ध्या तासाने प्रोसेसर ८४ वर स्थिरावला आणि पंख्याचा आवाज हेडफोनमधूनही ऐकू येत होता. टिश्यू पेपरची बोटभर रुंद पट्टी पंख्याच्या कडेशी, पत्र्याच्या आतल्या बाजूला धरून पाहिली. ती बाहेरच्या जाळीकडून नव्हे, तर रॅमच्या बाजूने पंख्याकडे ओढली जात होती. हवा वळून परत येते हे वाचले होते. त्या कागदाच्या पट्टीने ते डोळ्यांना दाखवले.

मग दारा-खिडक्यांच्या फटींना लावतात तो चिकट फोमचा पट्टा आणला. पंख्याच्या चौकटीच्या चारही कडांवर दोन थर लावले आणि पत्रा बंद केल्यावर फोम किंचित दबेल एवढीच उंची ठेवली. कोपऱ्यांत पट्टा सरळ कापला तर बारीक फट राहते, म्हणून तिथे पंचेचाळीस अंशांत कापून जोडला. पाती मोकळी फिरतात ना हे आधी बोटाने फिरवून पाहिले. त्याच खोलीत, त्याच खेळात, प्रोसेसर ७७ वर थांबला. सात अंशांचा फरक हातभर फोमने पडला याचे मला फार समाधान आहे.

कार्डाची वीजमर्यादा ८० टक्क्यांवर, म्हणजे २०० वॉटवर ठेवली. फ्रेम रेट किंचित कमी झाला, पण खेळताना मला तो ओळखता येत नाही. पंखे मात्र स्पष्टपणे शांत झाले. बायॉसमध्ये कर्व्ह ऑप्टिमायझर (प्रोसेसरचे व्होल्टेज कमी करणारी सेटिंग) उणे १५ वर ठेवला असून आतापर्यंत एकदाही पीसी अडकलेला नाही.

एका गोष्टीचा अंदाज चुकला. एसएसडी मदरबोर्डच्या पाठीमागच्या स्लॉटमध्ये लावली होती, आणि मोठी फाइल उतरवताना ती ७८ अंशांवर गेली. तिथे हवाच पोहोचत नाही. आता ती पुढच्या, हीटसिंक असलेल्या स्लॉटमध्ये हलवली आहे.

पहिला प्रवास नीट पार पडला. मात्र मुक्कामी पोहोचल्यावर कॅबिनेट पिशवीतून काढले तेव्हा ते कोमट होते. निघताना मी 'शट डाउन' न करता 'स्लीप' केले होते आणि वाटेत ते आपोआप जागे झाले असावे. पिशवीच्या आत, सगळ्या जाळ्या बंद असताना. हे वाचणाऱ्या प्रत्येकाने कृपया निघण्यापूर्वी पूर्ण शट डाउन करावे, मागचा स्विच बंद करावा, आणि दहा मिनिटे थांबून मगच पिशवीत ठेवावे.

एक शंका उरली आहे. नुसते ब्राउझर उघडले तरी कूलरचा पंखा क्षणभर जोरात फिरतो आणि लगेच मंदावतो. हे दिवसभर चालते.

प्रतिसाद ३ च्या लेखकाचे उत्तर

हे त्या प्रोसेसरच्या स्वभावाला धरूनच आहे. छोटे काम आले की गाभ्याचे तापमान एका क्षणात पंधरा अंश चढते आणि तितक्याच वेगाने उतरते. पंखा त्याच्यामागे धावतो. बायॉसमध्ये पंख्याच्या पानावर वेग वाढण्याआधी थांबण्याचा कालावधी असतो, तो पाच-सहा सेकंदांवर न्या. शिवाय ६५ अंशांपर्यंत पंख्याचा वेग एकच, साधारण ४० टक्के ठेवा, आणि त्यापुढेच चढण सुरू होऊ द्या. ६५ च्या आत पंखा हळू फिरला तरी त्या प्रोसेसरचे काहीही बिघडत नाही.

पुढच्या प्रवासानंतर कार्डाच्या मागच्या पट्टीचे दोन स्क्रू आणि राइजरचे टोक एकदा तपासून पाहा. माझ्याकडे पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत तेवढेच सैल झाले होते. पुन्हा आवळल्यानंतर ते सैल पडलेले नाहीत.